मागचा एक्सल, घरच्या अंगणात

"शॉक बदलतोस ते एक वेळ ठीक. पण एक्सल घरी उघडणारा माणूस स्वतःच्या नाही, रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी जिवाशी खेळत असतो."

गेल्या गणपतीत आरती आटोपल्यावर आमच्या गल्लीतल्या काकांनी हे चारचौघांसमोर मला सुनावलं. काका निवृत्त अभियंते. उभी हयात कारखान्यात, यंत्रांच्या संगतीत गेलेली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. जमलेल्यांनी माना डोलावल्या. आरतीच्या ताटापाशी वाद नको म्हणून मी गप्प बसलो. पण हे मत एकट्या काकांचं नाही. मेहुण्यापासून विमा एजंटापर्यंत जो तो मला हेच ऐकवतो, की हे काम गॅरेजचं, घरच्या माणसानं त्यात हात घालू नये. मागच्या हिवाळ्यात मी माझ्या जिप्सीचे मागचे दोन्ही शॉक आणि दोन्ही एक्सल शाफ्ट कोल्हापुरातल्या माझ्या घराच्या अंगणात बदलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तिथेच बदलीन. का, ते सांगतो.

गाडी १९९८ सालची जिप्सी किंग. जिप्सी आपल्याकडे डिसेंबर १९८५ मध्ये आली ती ९७० सीसीच्या इंजिनावर. १९९६ मध्ये १२९८ सीसीची किंग आली आणि २०१८-१९ पर्यंत मूळ सांगाडा न बदलता ती बनत राहिली. लष्करात चालली, पोलिसांत चालली, ताडोब्याच्या जंगलात पर्यटकांना घेऊन फिरली. चारही कोपऱ्यांना पाटे, पुढे आणि मागे अखंड एक्सल. गाडी जमिनीपासून इतकी उंच, की मागचा शॉक बघायला नुसतं खाली वाकलं तरी पुरतं. घरी हात घालण्याजोगी गाडी निवडायची झाली तर मी हीच निवडीन.

आधी काकांचं जे बरोबर आहे ते कबूल करतो, कारण ते फार गंभीर आहे. ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये गाडीचं वजन बाहेरच्या नळीवर, म्हणजे हाउसिंगवर पेललेलं असतं. आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो, त्यामुळे तो शाफ्ट बाहेर ओढला तरी चाक जागेवर राहतं. जिप्सीचं तसं नाही. इथे एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. चाक, ड्रम आणि शाफ्ट एकाच दांड्यावर, आणि गाडीचं वजनही त्या दांड्यावरच. तो दांडा नळीच्या तोंडाशी एका बेअरिंगमध्ये फिरतो. ते बेअरिंग शाफ्टवर धरून ठेवते एक लोखंडी कॉलर, दाबून बसवलेली. त्या कॉलरीला पिन नाही, नट नाही, आटे नाहीत. तिची पकड सुटली तर चाक, ड्रम आणि शाफ्ट असे तिन्ही मिळून बाहेर सरकतात, आणि ब्रेकही त्यांच्याबरोबर जातो. भरधाव गाडीचं चाक निखळलं तर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होईल, याचा विचार मी केला नाही असं काकांना वाटत असेल, तर तो माझ्यावर अन्याय आहे. मी ते काम हातात घेतलं ते हाच विचार करून.

कारण ती भीती मला गॅरेजातच पहिल्यांदा वाटली होती.

२०२१ च्या जुलैत पुराचं पाणी गावात शिरलं तेव्हा गाडी एका वळणावर एक्सल बुडेपर्यंत पाण्यातून न्यावी लागली. तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेते. पुढे तेल काढलं तर ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं निघालं. तेल बदललं. काही महिन्यांनी करूळ घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढू लागली. डावा ड्रम काढला तर आत सगळं तेल. एक्सलचं ऑईल सील गळत होतं आणि गिअर ऑईल लायनरवर उतरत होतं. तेलकट लायनर धरत नाही, म्हणून डावी बाजू सुटते आणि ब्रेकचा सगळा जोर उजवीकडे जातो.

गाडी एका नावाजलेल्या गॅरेजात दिली. सील बदललं, डावे लायनर बदलले, संध्याकाळी गाडी धुऊन हातात. चार महिन्यांत पुन्हा तेल. पुन्हा सील, पुन्हा लायनर. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, जुनी गाडी आहे, थोडं गळणारच." चौदा महिन्यांत तीन सीलं. दर वेळी फक्त डाव्याच बाजूचे लायनर बदललेले. लायनर दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलायचे, नाहीतर दोन चाकांची पकड वेगवेगळी राहते, हे कुठलाही शिकाऊ पोरगा सांगेल. तिन्ही वेळा मी घाट उतरलो तो त्या गॅरेजवर विश्वास टाकून, मागच्या सीटवर मुलगी आणि तिच्या मैत्रिणी.

चौथ्या वेळी एक्सल मी स्वतः उघडला. जे सापडलं ते नीट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक श्वासनळी असते, ब्रीदर. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, आणि ती फुगलेली हवा ब्रीदरमधून बाहेर जाते. माझा ब्रीदर पुराच्या गाळानं बुजलेला होता. माती वाळून विटेसारखी झालेली, सुई घालून खरवडून काढावी लागली. बाहेर जायची वाट बंद म्हटल्यावर ती हवा दर वेळी सीलच्या ओठाखालून वाट काढत होती आणि येताना तेल घेऊन येत होती. तीन नव्या सीलांचं काय झालं असेल ते यावरून कळतं.

दुसरी गोष्ट शाफ्टवर होती. सीलचा रबरी ओठ शाफ्टच्या ज्या पट्ट्यावर वर्षानुवर्षं घासतो, तिथे अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. डोळ्यांना ती खाच जेमतेम दिसत होती, चकाकत्या लोखंडावर एक बारीक वर्तुळ, एवढंच. पण नख अडकतं म्हणजे सील बसायला सपाट जागाच उरलेली नाही. अशा शाफ्टवर कितीही उत्तम सील बसवा, ते गळणार. उजवा शाफ्ट काढून बघितला तर तिथेही खाच, जरा कमी, आणि बेअरिंग हातात फिरवलं तर खरखर. म्हणून दोन्ही शाफ्ट बदलायचे ठरवले आणि पुण्याला नाना पेठेत जाऊन नवे आणले. बेअरिंगं, कॉलरी, सीलं, दोन्ही बाजूंचे लायनर, सगळं जोडीनं.

ब्रीदर बघायला एक मिनिट लागतं. नख फिरवायला तेवढंही नाही. तीन वेळा एक्सल उघडलेल्या माणसानं या दोनपैकी एकही गोष्ट केली नाही. तो माणूस अडाणी होता असं मी म्हणत नाही. त्याचा हात माझ्यापेक्षा शंभर पटीनं सराईत आहे. माझ्या गाडीला त्याला लागलेला वेळ मी घड्याळात बघितलाय, तो वेग मला दहा वर्षांत यायचा नाही. पण त्याच्यामागे चार गाड्या उभ्या असतात, मालक काउंटरवरून विचारत असतो, आणि त्याला 'सील बदलणे' एवढंच काम लिहून मिळालेलं असतं. सील का गेलं, हा प्रश्न त्या कागदावर नसतो. घरी मात्र तोच प्रश्न पहिला येतो. माझ्या पदरात कौशल्य कमी आहे, वेळ भरपूर आहे, आणि जुन्या गाडीच्या कामात निम्मं काम वेळच करतो.

गंजलेल्या नटाचंच घ्या. मागच्या शॉकचा खालचा नट चोवीस वर्षं चिखल खात बसलेला. गॅरेजात असा नट आला की गॅसकटर येतो, कारण थांबायला कुणाला सवड नाही. शेजारून ब्रेकचा पाइप गेलेला असतो, बुश रबराचं असतं, आणि ज्योत त्यांच्यापासून वीतभर अंतरावर. मी गुरुवारी रात्री तारेच्या ब्रशनं आटे घासून गंज सोडवणारं तेल मारलं. शुक्रवारी सकाळ-संध्याकाळ पुन्हा. शनिवारी नटाच्या बाजूंवर हातोडीनं हलके ठोके देऊन पुन्हा तेल. रविवारी सकाळी लांब दांड्याची गोटी लावली, कर्र असा आवाज आला आणि नट सुटला. पाना न सटकता, आटा न जाता, ज्योत न लावता.

शॉकबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की त्यावर थोडं थांबावं लागेल. गाडी मागून बसली की लोक म्हणतात, शॉक गेले. शॉकवर गाडीचं वजन नसतं. वजन पाट्यांवर असतं. शॉकच्या नळीत तेल असतं, त्यात बारीक भोकांचा एक पिस्टन असतो, आणि चाक वर-खाली झालं की ते तेल त्या भोकांतून ढकललं जाऊन हिसका जिरतो. पाट्यांनी गाडी उचलून धरायची आणि शॉकनं तिची उसळी थांबवायची, अशी वाटणी आहे. बसलेल्या गाडीला नवे शॉक घातले तर ती बसलेलीच राहते, मालकाचे पैसे मात्र जातात. उलट पाट्यांच्या गाडीत गेलेला शॉक लवकर लक्षातही येत नाही, कारण पाटे एकमेकांवर घासतात आणि तेवढ्यानंही थोडी उसळी मरते. म्हणून कोपरा दाबून सोडला आणि गाडी लगेच थांबली तर शॉक चांगला, ही रस्त्याकडेची परीक्षा जिप्सीला लावून भागत नाही. शॉक सोडून हातात घ्यावा लागतो. माझा डावा शॉक खेचला तर अर्ध्या वाटेपर्यंत हाताला काहीच लागलं नाही, पुढे थोडा अडला. ही पोकळी हाताला जाणवते तशी गाडीत बसून कधीच जाणवत नाही.

नवा शॉक बसवण्याआधी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण खेचायचा आणि दाबायचा. दुकानात आडवा पडून राहिल्यानं आतल्या तेलात हवा शिरलेली असते, ती वर जाऊ द्यायची. आणि शॉकच्या डोळ्यातल्या रबरी बुशचा नट शेवटचा कधी आवळायचा? गाडी चाकांवर उतरल्यानंतर, वजन बसल्यावर. गाडी हवेत लटकत असताना आवळला तर बुश त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचा पीळ घेऊन बसतं. माझ्या आधीच्या शॉकची बुशं एका बाजूनं फाटलेली का निघाली, ते हे कळल्यावर उमगलं. लिफ्टवर गाडी टांगून काम करणाऱ्याला शेवटचा नट तिथेच आवळणं सोयीचं पडतं. मी गाडी खाली उतरवली, सतरंजी टाकली, आडवा झालो आणि आवळला.

आता धोक्याचं बोलू. घरच्या कामात माणूस मरतो तो एक्सलमुळे नाही, जॅकमुळे. गाडीबरोबर मिळालेला जॅक वाटेत चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे मरण ओढवून घेणं. माझ्या अंगणात नियम आहे की जॅकनं उचलायचं, घोडीवर, म्हणजे स्टँडवर, ठेवायचं, आणि घोडीवर ठेवल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायचं. पडायची असेल तर मी बाहेर असताना पडू दे. खाली फरशी किंवा काँक्रीट हवं. मुरमाची जमीन असेल तर हे काम करूच नये. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, कारण मागची चाकं उचलल्यावर हँडब्रेकचा आधार उरत नाही. काढलेलं चाक गाडीखालीच आडवं सरकवून ठेवायचं, घोडी दगा देऊन गेलीच तर गाडी त्यावर थांबेल. विटांची चळत लावून गाडी टेकवलेली मी पाहिली आहे. वीट सांगून फुटत नाही. ज्याच्याकडे दोन चांगल्या घोड्या नाहीत त्यानं शॉकचासुद्धा नट सोडू नये, आणि या एका मुद्द्यावर काकांनी मला कितीही कडक बोलावं, मी त्यांच्याच बाजूनं आहे.

पण मग गॅरेजलाही तोच न्याय लावा. ड्रम काढला की आतली काळी भुकटी काँप्रेसरच्या हवेनं उडवायची पद्धत आजही किती गॅरेजांत आहे, स्वतः जाऊन बघा. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती बाहेर येत नाही. तिथे सोळा-सतरा वर्षांचं पोरगं तोंडाला फडकंही न बांधता उभं असतं. मी ड्रमवर आधी पाणी मारतो, ओल्या चिंधीनं पुसतो, आणि चिंधी पिशवीत बांधून टाकतो. काढलेलं गिअर ऑईल गटारात ओतायचं नसतं. वापरलेलं तेल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. मी ते कॅनमध्ये भरून तेलवाल्याकडे परत नेऊन देतो. घरी काम करणारे पुष्कळजण ते नालीत सोडतात, आणि त्याबद्दल मला त्यांची बाजू घेता येत नाही.

काकांच्या मनात 'घरी' म्हणजे एकट्यानं, हातोडा-छिन्नीनं, अंदाजपंचे, असं चित्र आहे. ते खोडायला हवं. बेअरिंग आणि कॉलर मी घरी बसवलं नाही. ते घरी बसवायचं कामच नाही.

शाफ्ट काढणं घरचं. ड्रमवर दोन आट्याची भोकं असतात, त्यात ८ मिलिमीटरचे बोल्ट सारख्या फेऱ्यांनी आवळत गेलं की ड्रम आपोआप पुढे येतो, हातोडे मारावे लागत नाहीत. लायनर सोडायचे, व्हील सिलिंडरपासून ब्रेकचा पाइप १० च्या पान्यानं सोडून त्याचं तोंड बंद करायचं, बॅकप्लेटचे चार नट काढायचे. मग तोच ड्रम उलटा करून स्टडांवर सैल अडकवायचा, चाकाचे नट दोन-तीन आटे लावायचे आणि ड्रम दोन्ही हातांनी आपल्याकडे झटक्यानं ओढायचा. चौथ्या-पाचव्या झटक्याला शाफ्ट बॅकप्लेटसकट बाहेर आला. नव्वद नंबर तेलाचा तो उग्र वास अंगणभर पसरला. आधी तेल भरायचं बूच सोडायचं आणि मगच तेल काढायचं बूच, हेही सांगून ठेवतो. तेल काढून टाकलं आणि भरायचं बूच गंजून बसलेलं निघालं, तर गाडी अंगणातच अडकते.

तिथून पुढे दोन्ही नवे शाफ्ट, बॅकप्लेटांसकट जुने शाफ्ट, बेअरिंगं, कॉलरी, असं सगळं पोत्यात बांधून उद्यमनगरात नेलं. ऑईल इंजिनांच्या काळापासून लोखंड हाताळणारी माणसं या गावात आहेत. प्रेसवाल्यानं जुन्या शाफ्टवरच्या कॉलरीला दोन बाजूंनी ग्राइंडर लावला, पातळ झाल्यावर छिन्नीचा एक घाव, कॉलर तडकून मोकळी. बॅकप्लेट सोडवून नव्या शाफ्टवर चढवली, त्यामागून बेअरिंग. मग नवी कॉलर प्रेसखाली. मी शेजारी उभा राहून प्रेसच्या मीटरचा काटा बघत होतो. पहिल्या शाफ्टला काटा सरसर चढत गेला आणि कॉलर रडतखडत जागेवर गेली. दुसरी अर्ध्या वाटेपर्यंत फार सहज सरकली. प्रेसवाल्यानं प्रेस थांबवला. "ही नको," तो म्हणाला, "ही धरणार नाही." कॉलर कापून काढली आणि त्याच्याकडच्या खोक्यातली दुसरी लावली. ती हवी तशी घट्ट गेली.

त्या सैल कॉलरीवर माझ्या घरच्यांचा आणि रस्त्यावरच्या परक्या माणसांचा जीव अवलंबून होता. काका म्हणतात तो धोका नेमका तो. गाडी गॅरेजात असती तर शाफ्ट पोऱ्याबरोबर प्रेसवर गेला असता, कॉलर सैल गेली की घट्ट हे मला कधी कळलं नसतं, आणि पोऱ्यानं ते मुद्दाम येऊन सांगितलं असतं असं मला वाटत नाही. घरी काम घेतलं म्हणूनच मी त्या काट्यासमोर उभा होतो. आणि घरी काम करून तू मिस्त्र्याच्या पोटावर पाय आणतोस, असं मेहुणे म्हणतात, त्यांनाही हेच उत्तर. प्रेसवाल्यानं मागितले तेवढे पैसे मी घासाघीस न करता दिले. नाना पेठेतल्या दुकानदाराला दिले. ज्याचा हात माझ्यापेक्षा चांगला, त्याच्याकडे तेवढंच काम घेऊन जाणं, यात कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

कंपनीच्या माणसालाच हे जमतं, बाकीच्यांनी हात लावू नये, हा समज आपोआप तयार झालेला नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्र्यांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटारकंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. पुढे त्यावर अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण माहिती दाबून ठेवायची आणि मग लोकांना अडाणी म्हणायचं, हा प्रकार आयोगापुढे कागदोपत्री आला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या अखेरीस संकेतस्थळ सुरू केलं, आणि त्यात वाहनं हे चारपैकी एक क्षेत्र आहे. माझ्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल माझ्याकडे आहे. कुठला नट किती टॉर्कनं आवळायचा हे त्यात छापलेलं आहे, आणि टॉर्क पाना ज्या कुणाच्या हातात आहे त्याला तो तोच आकडा दाखवतो.

कायद्याचा बागुलबुवाही दाखवला जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. जुना शॉक काढून त्याच मापाचा नवा घालणं हा बदल नाही, दुरुस्ती आहे. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल आणि लांब शॉक घालणाऱ्यांनी त्या कलमाची काळजी करावी. आणि पंधरा वर्षं झाली, गाडी काढून टाक, म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, तीही मी भरली आहे. गाडी तपासणीत उतरते. आणखी काय हवं?

शेवटचं काम ब्रेकची एअर काढण्याचं. पाइप सोडला म्हणजे आत हवा शिरली, आणि ब्रेक ऑईलमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजासारखं खाली जातं. नवं, सीलबंद डबा फोडून घेतलेलंच ऑईल घ्यायचं. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल शिरली की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ चा कोरा उकळबिंदू किमान २०५ अंश, ओला १४० अंश. घाटात हा फरक पायाला कळतो. हे काम एकट्याचं नाही. मुलगी स्टिअरिंगपाशी बसली, मी मागे निपलवर पाना लावून. "दाब." दाबला. "धर." मी निपल सोडला, पारदर्शक नळीतून बुडबुडे पळाले. निपल आवळला. "सोड." असं तीस-चाळीस वेळा. मधेच ती म्हणाली, "बाबा, आता पेडल कडक लागतंय." मागच्या चौदा महिन्यांत त्या ब्रेकबद्दल मला कुणीही इतकी नेमकी माहिती दिली नव्हती.

चाचणीला पन्हाळ्याला गेलो. शिवाजी पूल ओलांडून वाघबिळापर्यंत सावकाश, मग चढ. वर गाडी उभी करून दोन्ही मागच्या ड्रमांना हात लावून बघितला, दोन्ही सारखेच कोमट. एक जास्त तापलेला असता तर लायनर घासतोय, एक थंडगार असता तर तो ब्रेक धरत नाहीये. उतरताना रिकामा रस्ता बघून ब्रेक जोरात दाबला, गाडी सरळ थांबली. पन्नास किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासले, पाचशेनंतर दोन्ही ड्रम काढून आत पाहिलं. कोरडे. यंदाचा पावसाळा त्यावर गेला, तरी कोरडेच आहेत. ब्रीदरला आता लांब रबरी नळी जोडून तिचं तोंड वर चासीपाशी बांधलंय, पुन्हा पाण्यात जायची वेळ आलीच तर गाळ त्यात शिरणार नाही.

जुना डावा शाफ्ट मी भंगारात दिलेला नाही. तेल लावून, फडक्यात गुंडाळून पायरीखालच्या कपाटात ठेवलाय. काकांनी सवडीनं यावं, चहा घ्यावा आणि सीलच्या जागेवरून एकदा स्वतःचं नख फिरवून बघावं.